मदत हवी आहे: कुंदगोळला कुणी जाऊन आलंय का?

मी सीए. ऑडिटचा हंगाम उरकला की डिसेंबरात पुण्यात 'सवाई' (सवाई गंधर्व संगीत महोत्सव) ऐकायचं, एवढीच माझी चैन. तेही भारतीय बैठकीत, घरून नेलेल्या सतरंजीवर. (यंदा पाठीला उशी लागली, वय झालं म्हणायचं.)

आता ज्यांच्या नावानं तो होतो, त्या गायक सवाई गंधर्वांचं गाव कुंदगोळच बघायचंय. हुबळीहून साधारण २० किलोमीटर. पंडित भीमसेन जोशी तिथंच या गुरूंच्या घरी पाणी भरत भरत शिकले. तिथला नाडगीर वाडा (गाण्याच्या मैफलींसाठी प्रसिद्ध) आतून बघू देतात का? आधी कुणाला विचारावं लागतं? हुबळीहून एसटी बरी की रिक्षा ठरवावी? सोबत ७४ वर्षांची आई आहे, गुडघे दुखतात आणि कानडी आम्हा दोघांनाही येत नाही. धारवाडी पेढ्याचं मात्र विचारत नाही, दुकान ठरलेलं आहे!