शब्दचर्चा : दरड की भूस्खलन?

प्रश्न (लातूर) : नेपाळच्या २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाचा तक्ता वर्गासाठी करतोय. ७.८ चा धक्का, हजारो ठिकाणी डोंगरउतार खाली आले. नकाशाच्या सूचीत ‘भूस्खलन’ लिहू की ‘दरडी’? किल्लारीला १९९३ साली आमच्या अंगावर आली ती माळवदं आणि दगडमातीच्या भिंती. डोंगर नव्हताच, म्हणून हा शब्द तोंडात बसलेला नाही.

उत्तर (अंबाजोगाई) : बसलेला आहे, सर. विहिरीवर आठवा. ‘विहिरीची दरड ढासळली’ म्हणतोच की आपण. आमची विहीर खोदताना वडील रोज सकाळी आधी मुरमाच्या कडेवरून हात फिरवायचे. भेग रुंदावलेली दिसली की ‘दरड सुटलीय’ म्हणून गड्यांना खाली उतरू द्यायचे नाहीत. अजून काहीच पडलेलं नसायचं! म्हणजे दरड ही उभी कड. कोसळते ती दरड, खाली साचतो तो ढिगारा, आणि भूस्खलन म्हणजे सगळा प्रकार मिळून.

तुमच्या नकाशाला हाच फरक लागणार आहे. भूकंपाआधीचं आणि नंतरचं उपग्रहचित्र शेजारी ठेवलं की हिरव्या उतारावर मातकट ओरखडे दिसतात. अभ्यासक एकेका ओरखड्याची हद्द आखतात आणि क्षेत्रफळावरून घसरलेल्या मातीचा अंदाज बांधतात. क्षेत्र दुप्पट धरलं तर माती दुपटीहून जास्त निघते. त्यामुळे चार दरडी खाली एकाच ओढ्यात मिसळल्या म्हणून चौघींना एकच हद्द घातली, तर हिशेब भलताच फुगतो. मथळ्यात ‘भूकंपजन्य भूस्खलन’ लिहा. सूचीत ‘दरड तुटलेली जागा’ आणि ‘ढिगाऱ्याचा पट्टा’ वेगळ्या रंगांत द्या.

उत्तर (उदगीर) : ‘भूकंपजन्य’ गाळू नका. माळीणची दरड (३० जुलै २०१४) पावसाची होती. पाणी मुरून उतार सुटतो तेव्हा दरडी बऱ्याचदा खालच्या अंगाला, ओढ्यांजवळ असतात. भूकंपात डोंगराचा माथा जास्त हलतो, म्हणून माथ्यालगत पुष्कळ दिसतात. मुलांना नकाशावर हे बोटानं दाखवता येईल.

प्रश्नकर्ता : आणि लांगटांग? ते गाव तर बर्फ आणि खडकांखाली गाडलं गेलं.

उत्तर (अंबाजोगाई) : तिथं नुसतं ‘दरड’ अपुरं पडतं. ‘बर्फ-खडकांचा लोंढा’ लिहा, मुलांना लगेच कळेल.