मदत हवी आहे: जात्याच्या दगडाची अंगठी करतोय, चमकणारी पावडर चमकेना

काजवा_खानापूर

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहे. गाव खानापूर तालुक्यात. लोखंडातलं थोडंफार कळतं, दागिन्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून इथं विचारतोय.

तुळशीचं लग्न झालं की धाकट्या बहिणीचं लग्न आहे. सोन्याचं काय ते आई-बाबा बघतील, मला माझ्या हातचं काहीतरी द्यायचंय. गेल्या वर्षी जुन्या घराची भिंत उतरवताना आजीचं जातं खाली आलं आणि वरच्या दगडाचे दोन-तीन टवके उडाले. जातं परसात पडून आहे, आई टाकू देत नाही. ते टवके मी उचलून ठेवले होते. डोक्यात असं आहे की स्टीलच्या अंगठीत ग्रूव्ह (बाहेरून गोल खाच) मारायचा, त्यात हा काळा दगड भरायचा, आणि मधे मधे अंधारात चमकणारी पावडर. मिरगाच्या तोंडाला आमच्याकडे झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखतात, बहीण लहानपणी ते बाटलीत धरायची. तसं दिसलं पाहिजे.

अंगठी झाली आहे. ३१६ नंबरच्या स्टेनलेस स्टीलच्या बारमधून काढली, बोअर (आतला व्यास) १७ मिमी, बाहेरून २१, रुंदी ६, ग्रूव्ह साडेतीन रुंद आणि १.२ खोल. आतून आरशासारखी पॉलिश केलीय, ग्रूव्हसुद्धा. इथवर माझं काम, पुढं सगळी बोंब.

पहिल्यांदा दगड खलबत्त्यात कुटला, चहाच्या गाळणीनं चाळला. पावडरीचे गोळे झाले होते म्हणून तीही त्यातच दगडाबरोबर फिरवून घेतली. निम्मं-निम्मं धरून पाच मिनिटांत बसणाऱ्या दोन ट्यूबवाल्या गममध्ये कालवून भरलं. घासल्यावर ओल्या सिमेंटसारखं दिसायला लागलं. मोबाईलचा टॉर्च मारला की मिनिटभर हिरवट दिसतं, मग ठार काळोख. आणि आठवड्यात अख्खी पट्टी बांगडीसारखी सुटून हातात आली.

दुसऱ्यांदा व्हिडिओ बघून झटपट चिकटणाऱ्या गममध्ये खायचा सोडा टाकला. धूर निघाला, डोळ्यांत पाणी आलं, अंगठी धरवेना इतकी तापली, आणि वर दह्याच्या सायीसारखा पांढरा थर.

नेमकं चुकतंय कुठं? पावडर खोटी मिळाली का? पुड्यावर कुठल्या भाषेत लिहिलंय ते कळत नाही, दुकानदार कन्नडात भराभरा सांगत होता, त्यातलं मला "बिसिलू" तेवढं समजलं, म्हणजे ऊन. आणि आई म्हणते ते रेडियम असतं, पोरीच्या बोटात नको. तेही सांगा.

वाटसरू

ऑनलाइन तयार मिळतात की अशा अंगठ्या. कशाला एवढा उपद्व्याप?

काजवा_खानापूर

मिळतात. खरं आमच्या जात्याची मिळत नाही.

निपाणीची_अक्का

दादा, मी रेझिनचे (पातळ ओतलं की घट्ट होणारं पारदर्शक प्लास्टिक) कानातले, किचेन करून विकते. चार वर्षं झाली, आधी मीही भरपूर माती खाल्लीय. उत्तर देण्याआधी एक सांगा. पावडर पुड्यात असताना कुठल्या रंगाची होती आणि कुटल्यावर कुठल्या रंगाची झाली? खलबत्ता कशाचा?

काजवा_खानापूर

पुड्यात पांढरट, किंचित पोपटी. कुटल्यावर राखाडी. मला वाटलं दगडाचा रंग लागला. खलबत्ता लोखंडी, आईचा, वेलदोडे कुटायचा. (तिला अजून माहीत नाही.)

निपाणीची_अक्का

सापडलं. पावडर खोटी नव्हती, तुम्हीच मारली तिला.

ही पावडर म्हणजे स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट, त्यात युरोपियम आणि डिस्प्रोशियम अगदी थोडं घातलेलं असतं. तिचा दाणा जेवढा मोठा तेवढा उजेड जास्त. कुटली की दाणे फुटतात आणि उजेड कमी होतो. शिवाय दाणा एवढा कठीण असतो की लोखंडाला खरवडतो. तुमचा राखाडी रंग दगडाचा कमी आणि खलबत्त्याचा जास्त आहे. मी तर स्टीलच्या चमच्यानंसुद्धा ढवळत नाही, आइस्क्रीमची लाकडी काडी घेते. गोळे झाले असतील तर पुडी बाहेरून बोटांनी चोळा, बास.

दुसरं, काळ्या दगडात ही पावडर कालवायचीच नाही. तिला आधी उजेड प्यावा लागतो, मग ती तो सोडते. काळा भुगा दोन्ही वेळा मधेच गिळतो. निम्मं-निम्मं केलंत तिथंच काजवे गेले.

पाण्याचंही बघा. काही पावडरींच्या दाण्यांवर लेप असतो, काहींच्या नसतो. लेप नसलेली पाण्यात राहिली की हळूहळू खराब होते आणि कायमची विझते. चिमूटभर पावडर बाटलीत पाणी घालून चार दिवस ठेवा, मग कोरडीशेजारी अंधारात धरून बघा. फरक पडला तर ती बिनलेपाची. तरी वापरता येते, फक्त वर स्वच्छ रेझिनचा अखंड थर पाहिजे.

जुना_फिटर

काय गा, लेथवर आहेस आणि जॉब पुसायला विसरलास? कूलंटचं (कापताना सोडतात ते) तेल असलेल्या ग्रूव्हमध्ये जगातला कुठलाच गम धरत नाही. वर त्याला पॉलिशही मारलंस! पट्टी बांगडीसारखी सुटली ती त्यामुळं.

आतली बाजू बोटाला लागते, तिला हवी तेवढी चमक दे. ग्रूव्हचा तळ मात्र खरखरीत ठेव, पार्टिंग टूलच्या रेघा राहू देत. जमलं तर दोन्ही भिंतींना तळाशी जरा आत घे, म्हणजे तोंड अरुंद आणि बूड रुंद. सुताराचा डव्हटेल सांधा असतो तसं. मग गमनं दगा दिला तरी भराव बाहेर येत नाही. मात्र तुझ्याकडे तळाला ०.८ चीच भिंत उरलीय, आणखी खोल जाऊ नकोस. शेवटी अ‍ॅसिटोननं पुसायचं आणि नंतर बोट लावायचं नाही.

एक विषयाबाहेरचं. ट्रायलला म्हणून स्वतःच्या बोटात घालून मशीनवर उभा राहू नकोस. चकमध्ये (जॉब धरून फिरवणाऱ्या भागात) अंगठी अडकली तर बोटाची कातडी मोज्यासारखी उतरते. मी एकदा बघितलंय, पुन्हा बघायचं नाही.

चिकोडीचा_मास्तर

आईंचं शंकानिरसन करतो. आपल्याकडे नंबर प्लेट करणाऱ्या दुकानावर "रेडियम" लिहिलेलं असतं, त्यामुळं चमकेल ते सगळं रेडियम झालंय. त्या दुकानातली चकाकणारी पट्टी फक्त गाडीच्या दिव्याचा उजेड आल्या वाटेनं परत पाठवते, अंधारात तिला स्वतःचा उजेड नसतो. खरं रेडियम १८९८ मध्ये क्युरी दांपत्यानं शोधलं, ते किरणोत्सारी आणि घातकच. पूर्वी घड्याळांच्या काट्यांवर ते रंगवत. तुमची पावडर १९९० च्या दशकात जपानमधून पुढं आली आणि ती किरणोत्सारी नाही. तिच्या आधी जस्ताचं सल्फाइड वापरत, ते लवकर विझायचं.

भीती बाळगायचीच तर धुळीची बाळगा. दगड कोरडा घासू नका, पाणी घालून घासा आणि तोंडावर चांगला मास्क लावा. जात्याच्या काळ्या पाषाणात गारेचा (क्वार्ट्झचा) अंश फार नसतो, पण बारीक धूळ छातीत जायला नको. ओलं घासलं तर रेझिन आणि पावडर दोन्हींची धूळ बसते.

सराफकट्टा_शहापूर

आमच्या भाषेत हे कोंदण. आम्ही पोकळ दागिन्यात लाख भरतो, तुमचं रेझिन. तत्त्व तेच, पोकळी राहिली की दागिना दगा देणार.

दगडाची भुकटी वापरू नका. भुकटी आणि गम मिळून चिखल होतो, दगड दिसत नाही. साखरेच्या दाण्याएवढे ते बाजरीएवढे तुकडे घ्या. मोठे आधी चिमट्यानं बसवा, फटीत बारीक सारा. कुटायचा तर जाड फडक्यात गुंडाळून हातोडीनं, म्हणजे लोखंड लागत नाही.

घासताना लोक कागद बोटाखाली धरतात. दगड कठीण, रेझिन मऊ. बोट मऊ जागी आत जातं आणि दगड पुटकुळ्यांसारखे वर राहतात. वॉटर पेपर सपाट लाकडाच्या पट्टीला चिकटवा. २२० नं सुरू करा, ४००, ६००, १०००, शेवटी २०००. घाई करायची तर २२० वर करा, ४०० नंतर नाही. स्टीलच्या कडा घासल्या गेल्या की काळं पाणी सुटतं आणि उघड्या छिद्रात जाऊन बसतं, म्हणून छिद्रं आधी बुजवायची आणि मग घासायचं.

काजवा_खानापूर

मंडळी, मी अंगठीलाच नाही, आईच्या खलबत्त्यालाही लाजलोय. आता क्रम सांगा. आधी दगड भरून त्याला भोकं पाडू आणि त्यात पावडर घालू का? माझ्याकडे एक मिमीचा ड्रिल बिट आहे.

निपाणीची_अक्का

त्या दगडाला साधा ड्रिल बिट लागणार नाही, हिऱ्याचा लागतो, आणि तुकडे निसटतील ते वेगळंच. उलटं करा. आधी काजवे, मग रान.

ग्रूव्हच्या तळाला जिथं काजवा हवा तिथं पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या आणि वाळू द्या. पांढरं खाली असलं की खाली गेलेला उजेड परत वर येतो. मग यूव्ही रेझिनमध्ये (अतिनील उजेडानं घट्ट होतं ते) पावडर एवढी घाला की ताकातलं पीठ नाही, भाकरीच्या पिठासारखं घट्ट होईल. टूथपिकनं त्या ठिपक्यावर बारीक ढिगुला ठेवा. एका वेळी एकच, अंगठी गोल आहे, ओघळतं. यूव्ही टॉर्च मारा. पण एकदम पूर्ण उंची करू नका, पावडर स्वतःच यूव्ही पिते आणि खालचं ओलं राहतं. दोन-तीन पातळ थरांत चढवा, ग्रूव्हच्या काठाच्या किंचित वर येईपर्यंत.

सगळे ढिगुले झाले की भोवती दगड भरा. त्यासाठी मात्र २४ तास घेणारं स्वच्छ इपॉक्सी (दोन भाग कालवून घट्ट होणारं रेझिन) वापरा. पाच मिनिटांच्या गममध्ये बुडबुड्यांना बाहेर यायला वेळच मिळत नाही. बाटलीवर वजनाचं जे प्रमाण असेल ते वजनकाट्यावर मोजा. तुम्हाला दोन थेंब लागणार असले तरी दहा ग्रॅम तरी कालवा, दोन थेंबांत प्रमाण चुकतंच. उरलेलं मी बाटलीच्या झाकणात ओतून बटणं करते.

हा पावसाळा, आणि तुम्ही खानापूरचे. इपॉक्सीवर दमट हवेत चिकट पापुद्रा येतो, तो साबणाच्या पाण्यानं जातो. झटपट गम तर हवेतल्या ओलीनंच आवळतो, म्हणून अशा दिवसांत त्यावर पांढरं येतं. सोडा टाकला की तो एका क्षणात आवळतो आणि तापतो. सुती फडक्यावर तो गम सांडला तरी धूर येतो, जपा. म्हणून इपॉक्सी घट्ट होईपर्यंत बुटाच्या खोक्यात साधा, तापणारा साठ वॉटचा बल्ब लावून त्यात अंगठी ठेवा, लांब, भाजायला नको.

शेवटी घासून सपाट झालं की काजव्यांची तोंडं उघडी पडतात. तेव्हा भराव काठापेक्षा केसभर खोल करून वर स्वच्छ रेझिनचा एक थर द्या आणि तोच घासा. पाणी आत जायला नको ते इथं सांभाळायचं.

आणि काजवे बघताना आधी दहा मिनिटं अंधारात बसा. उजेडातून आलेल्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. सुरुवातीचा झगमगाट लवकर उतरतो, मग मंद कितीतरी वेळ राहतो. हिरवा सगळ्यात उजळ, निळसर त्याच्या खालोखाल. गुलाबी-लाल घेऊ नका, माझे पैसे गेलेत.

काजवा_खानापूर

उशीर झाला, दोन महिने ऑर्डरचं काम होतं.

दुसरी अंगठी काढली. ग्रूव्ह फिटरकाकांनी सांगितल्यासारखा, बुडाला रुंद. त्यासाठी टूल स्वतः घासून केला. सात काजवे केले, एकसारख्या अंतरावर नाही, झाडावर असतात तसे तीन एकीकडे, बाकी विखुरलेले. सहा चांगले झाले. सातव्यात बुडबुडा आहे, तो मला दिसतो, इतरांना दाखवल्याशिवाय दिसत नाही. पाण्यातली पावडर पाच दिवसांनी फिकी पडली, म्हणजे बिनलेपाचीच होती. म्हणून वरचा थर दोनदा दिला. आईला नवा खलबत्ता आणला, पितळी.

खंडेनवमीला मशीनला हार घातला तेव्हा अंगठी शेजारी ठेवली होती. दसऱ्याच्या रात्री आईला माजघरात नेलं, दार लावलं, दहा मिनिटं बसवलं. बराच वेळ ती गप्प. मग म्हणाली, "काजवं हायत. खरं ह्यात जातं कुठाय?"

तिचं बरोबर आहे. २००० च्या कागदानं दगड एवढा गुळगुळीत झालाय की कुठलीही काळी टाइल वाटते. जात्याला टाकी (छिन्नी) लावल्यावर जे खड्डे असतात ते गेलेच. लग्नाला तीन आठवडे आहेत. काही करता येईल का?

सराफकट्टा_शहापूर

येईल की. तो टाकी लावलेला पृष्ठभाग असलेला एखादा टवका उरलाय का? असेल तर त्यातला तीन मिमीचा एकच तुकडा अखंड काढा, खड्ड्याची बाजू वर ठेवा आणि तिला कागद लावू नका. ती बाजू ग्रूव्हच्या काठापेक्षा खाली बसवा, वर स्वच्छ रेझिन भरा, फक्त रेझिन घासा. रेझिन ओतण्याआधी खड्ड्यांत सुईनं थेंब सोडा, नाहीतर तिथं हवा अडकते. ओला दगड दिसतो तसा गडद दिसेल, खड्ड्यांसकट.

काजवा_खानापूर

एक उरलाय, अंगठ्याएवढा. त्याच्या एका बाजूला खड्डे आहेत आणि त्यात अजून पीठ अडकलंय. ते काढू का राहू देऊ?

निपाणीची_अक्का

पीठ रेझिनखाली ओल धरेल, पिवळं पडेल. जुन्या टूथब्रशनं काढा. पण काढलेलं फेकायच्या आधी आईंना विचारा.

काजवा_खानापूर

विचारलं. तिनं कागदाची पुडी करून देवघरात ठेवलीय. रविवारी तिसरी अंगठी काढायला बसतो.