शब्दचर्चा : 'गव्हर्नर'ला 'राज्यपाल' म्हणायचं का?

मंडळी, एके ठिकाणी अडलोय. अमेरिकन यादवीत (उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं आपसात लढली ते युद्ध) उत्तरेकडून लढलेल्या जोशुआ चेंबरलेनवर लेख लिहितोय, म्हणजे तोच, कॉलेजात भाषा आणि वक्तृत्व शिकवणारा मास्तर, १८६२ मध्ये फौजेत गेला आणि २ जुलै १८६३ ला गेटिसबर्गला लिटल राउंड टॉप टेकडीवर गोळ्या संपत आल्यावर बंदुकांना संगिनी लावून उतारावरून पोरं खाली सोडली. पुढे हा मेन नावाच्या राज्याचा चार वेळा गव्हर्नर झाला. मी डोळे झाकून 'राज्यपाल' लिहिलं. बाबांनी वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "याला तिथं पाठवला कुणी, राष्ट्रपतींनी?" झालं, तिथंच गाडी अडली. पाठवला कुणीच नाही, निवडून आलाय गडी. काय लिहू?

प्रतिसाद
बाबांना पूर्ण मार्क. आपल्याकडे राज्यपाल म्हटलं की राजभवन (आता लोकभवन), अभिभाषण, शपथविधी, आणि नेमणूक वरून. तिकडचा गव्हर्नर लोकांच्या मतावर येतो आणि स्वतः कारभार हाकतो, म्हणजे कामानं मुख्यमंत्रीच की. पण म्हणून 'मुख्यमंत्री' लिहू नका हां. मुख्यमंत्री आमदारांच्या बहुमतावर टिकतो, आमदार फुटले की खुर्ची गेली. गव्हर्नरचं तसं नाही, मुदतीपुरता तो पक्का. चेंबरलेनच्या वेळी मेनमध्ये ही मुदत एकच वर्षाची होती, म्हणून तर १८६७ ते १८७१ एवढ्यात चार वेळा. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं वीस वर्षं राज्य केलं.

प्रतिसाद
मी तर राज्यपालच लिहीन. पेपरात टेक्सासचे राज्यपाल, कॅलिफोर्नियाचे राज्यपाल असंच येतं, लोकांना सवय झालीय. आणि अगदीच जुळत नाही असंही नाही, शिक्षा माफ किंवा कमी करायचा अधिकार इथल्याला पण आहे नि तिथल्याला पण. १८६९ मध्ये चेंबरलेनने एका खुन्याची फाशी अडवली नाही म्हणून त्याच्यावर केवढी टीका झाली.

धागाकर्ता
तो मुद्दा मान्य. पण माझी पंचाईत पुढच्याच वाक्यात आहे. १८६२ ला चेंबरलेनने गव्हर्नर इस्रायल वॉशबर्नना पत्र लिहून फौजेत यायची तयारी दाखवली. आता 'राज्यपालांना पत्र लिहिलं' म्हटलं की शिष्टमंडळ निवेदन घेऊन गेलं आणि फोटो काढून परत आलं असं वाटतं! खरं तर तेव्हा स्वयंसेवकांच्या पलटणी राज्यं उभी करायची आणि त्यांचे अधिकारी गव्हर्नर नेमायचा. वॉशबर्न म्हणाले थेट कर्नल करतो, हा म्हणाला नको, जरा खालून सुरू करतो, काम शिकून घेतो, आणि २० व्या मेन पलटणीत लेफ्टनंट कर्नल झाला. गंमत म्हणजे कॉलेजने रजा दिली होती युरोपात जाऊन भाषा शिकायला, आणि साहेब गेले लढाईवर.

प्रतिसाद
अहो मग 'गव्हर्नर'च ठेवा की, तो शब्द मराठीत कधीचा मुरलाय. एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर होता, रिझर्व्ह बँकेला आजही गव्हर्नरच असतो, त्याला कुणी बँकपाल म्हणतं का?

प्रतिसाद
पण एल्फिन्स्टनसुद्धा वरून नेमलेलाच होता ना :) तेव्हा पहिल्यांदा येईल तिथं 'लोकांनी निवडून दिलेला गव्हर्नर' असं एकदा लिहून टाका, पुढे नुसतं गव्हर्नर.
आणि जाता जाता, १८८० च्या प्रसंगाबद्दल लिहिणार असाल तर 'मिलिशिया'ला होमगार्ड करू नका प्लीज. निवडणुकीच्या निकालावरून मेनच्या ऑगस्टा शहरात दोन्ही बाजू हातघाईवर आल्या होत्या, राज्याच्या मिलिशियाचा मेजर जनरल म्हणून चेंबरलेनने बारा दिवस डोकं शांत ठेवून सगळं सांभाळलं, कोर्टाचा निकाल येईपर्यंत. मला आधी 'शिबंदी' सुचला होता, शब्द भारी आहे, पण शिबंदी म्हणजे किल्ल्यावर, ठाण्यावर पगार देऊन ठेवलेली माणसं. मिलिशियातला माणूस एरवी शेत नाहीतर दुकान बघणार आणि बोलावणं आलं की बंदूक घेऊन हजर होणार. मिलिशियाच बरा.

प्रतिसाद
अजून एक तिढा आहे बघा. त्या टेकडीवर समोरून चढत येणारा दक्षिणेच्या १५ व्या अलाबामा पलटणीचा कर्नल विल्यम ओट्स, पुढच्या वर्षी त्याचा उजवा हात गेला, आणि १८९४ ला तो अलाबामाचा गव्हर्नर. एप्रिल १८६५ ला ॲपोमॅटॉक्सला शस्त्रं खाली ठेवायला आलेल्या दक्षिणेच्या फौजेच्या पुढे घोड्यावर होता जॉन गॉर्डन, चेंबरलेनने आपल्या लोकांकडून त्यांना सलामी देववली, आणि हा गॉर्डन पुढे जॉर्जियाचा गव्हर्नर. राज्यपाल लिहिलंत तर एका लेखात तीन राज्यपाल लढाईत.

धागाकर्ता
नको नको, तीन राज्यपाल संगिनी घेऊन एकमेकांवर धावलेले बाबांना झेपायचे नाहीत. गव्हर्नर फायनल. सगळ्यांना धन्यवाद. आत्ताच त्यांना दुरुस्त केलेला मजकूर दाखवला, शांतपणे वाचला आणि म्हणाले, "बरं, पण हे मेन राज्य, तर बाकीची राज्यं साइडची का?"