नागिणीच्या गोळ्या: डोस सगळ्यांना सारखा नसतो

नागीण (हर्पिस झोस्टर) या पुरळाच्या आजारावर असायक्लोव्हिर हे विषाणूरोधक औषध 800 मिलिग्रॅम दिवसातून 5 वेळा, 7 दिवस, असा डोस सांगितला जातो, आणि तो बरोबर आहे. पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू करावं, हेही खरं. पण ‘कुणालाही हाच डोस चालतो’ हे कृपया कुणी धरून चालू नका. हे औषध मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतं. किडनी मंद असेल तर ते रक्तात साठतं, आणि मग म्हातारं माणूस असंबद्ध बोलू लागतं, भास होतात. घरच्यांना वाटतं तापामुळे किंवा वयामुळे.

माझ्या सासूबाई दादरला असतात, मधुमेह जुना. नागीण निघाली तेव्हा डॉक्टरांनी त्याच दिवशी क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ततपासणी) करून घेतलं आणि संध्याकाळी रिपोर्ट बघून व्हॅलासायक्लोव्हिर 1 ग्रॅम तीनदाऐवजी दोनदाच लिहून दिली. (ही गोळी शरीरात गेल्यावर असायक्लोव्हिरच बनते, पण रक्तात जास्त पोचते, म्हणून एरवीही पाचऐवजी तीन वेळा पुरते.) पाणी भरपूर प्यायला सांगितलं. घरी सत्तरीपुढचं कुणी असेल तर केमिस्टकडून परस्पर गोळ्या आणू नका, जुना क्रिएटिनिनचा रिपोर्ट डॉक्टरांना आवर्जून दाखवा.