म्युनिकला जाताना: चौथीतल्या मुलीचा प्रश्न वेगळा
मुलगा पहिलीत, मुलगी चौथीत, नोकरी म्युनिकला, आणि ‘इंटरनॅशनल शाळा की सरकारी?’ असा तुमचा प्रश्न. वर बहुतेकांनी फीवरच लिहिलंय. मला मुलांचं वय जास्त महत्त्वाचं वाटतं.

धाकट्याला बिनधास्त सरकारी ग्रुंडशूलेत (तिथल्या प्राथमिक शाळेत) घाला. फी नाही, आणि शाळा पत्त्यावरून ठरते, म्हणून आधी घर बघा. या वयात पोरं भाषा पटकन उचलतात.

मुलीचं मात्र नीट बघा. बव्हेरियात (म्युनिक याच राज्यात येतं) चौथीनंतरच वेगवेगळ्या माध्यमिक शाळांच्या वाटा फुटतात. गिम्नाझियमसाठी (विद्यापीठाकडे नेणारी माध्यमिक शाळा) जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली लागते (तिकडे १ म्हणजे सर्वोत्तम, आपल्या उलट!). पहिलीपासून तिथे न शिकलेल्या परभाषक मुलांना, कच्चेपणा जर्मनमुळेच असेल आणि भरून निघण्यासारखा असेल तर, ३.३३ पर्यंत सवलत मिळू शकते. हे शाळेत स्वतःहून विचारा. बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते. तेवढी उसंत म्युनिकला नाही.

दोन-तीन वर्षांत परतायचं नक्की असेल आणि कंपनी फी भरत असेल, तर मुलीपुरती इंटरनॅशनल शाळा मीही निवडेन. फी खिशातून जाणार असेल तर नाही.