आधी छप्पर की आधी व्यसनमुक्ती? रत्नागिरीतील बेघरांविषयी

मांडवीकाठ (धागाकर्ता)

पावसाळा तोंडावर आला की बसस्थानक आणि स्टेशनच्या आसपास पडून असणाऱ्या माणसांना 'उचला' अशी मागणी आपल्याकडे ठरल्याप्रमाणे सुरू होते. उचलून नेमके कोठे ठेवायचे, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे, की अशा माणसाला आधी कुलूप लावता येईल अशी एक खोली द्यावी, सोबत औषधोपचार आणि भेटीला येणारा कार्यकर्ता द्यावा, आणि दारू सोडण्याची अट प्रवेशाच्या दारावर ठेवू नये.

गेल्या पावसाळ्यात एका बंद दुकानाच्या फळीवर झोपणाऱ्या माणसाशी माझे बोलणे होत असे. तो बोटीवर खलाशी होता. जून-जुलैत मासेमारी बंद होते, बोटी शाकारून ठेवतात. ज्याचे अंथरूण-पांघरूण, जेवण आणि शेजार सगळे बोटीवरच असते, त्याचे त्या दोन महिन्यांत कामाबरोबर घरही जाते. त्याच्याकडे क्षयाच्या गोळ्यांची पिशवी होती. सुतळीने घट्ट बांधलेली. तरी पाणी शिरलेच. त्याने ती माझ्यासमोर उघडली, तेव्हा उघड्या पाकिटांतल्या गोळ्यांचा लालसर चिखल झाला होता. हे औषध किमान सहा महिने न चुकता घ्यावे लागते, आणि ते कोरडे ठेवायला या माणसाकडे हातभर जागा नव्हती. व्यसनमुक्तीचा उपदेश त्याला अनेकांनी केला होता, मीही केला होता.

अट नको असे मी म्हणतो त्यामागे दयेपेक्षा वैद्यकाचा भाग मोठा आहे. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली, तर हातपाय थरथरतात, झटके येतात, भ्रम होतो आणि प्रसंगी जीवही जातो. म्हणजे 'आजपासून बंद करून ये' असे सांगणे देखरेखीशिवाय धोक्याचे आहे. अशा माणसाला पोटभर अन्न, बी-1 जीवनसत्त्व आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करण्याची सोय हवी. यालाच अपाय कमी करण्याचे धोरण म्हणतात आणि ते परदेशी खूळ नाही. सुईने नशा करणाऱ्यांना निर्जंतुक सुया देणे, हेरॉइनसारख्या नशेच्या जागी जिभेखाली ठेवण्याचे ब्युप्रेनॉर्फिन हे औषध देणे हे आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात अनेक वर्षांपासून चालू आहे.

सडेकर

आपल्या हेतूबद्दल शंका नाही, पण हिशोबाबद्दल आहे. 'आधी घर' म्हटले की फिनलंडचे नाव निघते, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. 1980 च्या दशकाच्या अखेरीस तेथे अठरा हजारांच्या आसपास बेघर होते आणि 2022 पर्यंत ती संख्या चार हजारांच्या खाली आली, हे खरे आहे. परंतु तो साऱ्या देशाचा मिळून आकडा आहे, लोकसंख्या जेमतेम 55 लाख, आणि सरकारी व संस्थांच्या मालकीच्या भाड्याच्या घरांचा मोठा साठा आधीपासून तयार होता. तेथेही 2024 मध्ये बेघरांची संख्या पुन्हा वाढली. आपल्याकडे 2011 च्या जनगणनेत शहरी बेघरच नऊ लाखांवर भरले.

दुसरे असे, की कॅनडाने पाच शहरांत सुमारे दोन हजार बेघर माणसांवर 'आधी घर'चाच मोठा प्रयोग केला (2009 ते 2013). घर मिळालेली माणसे घरात टिकली, पण व्यसनाच्या बाबतीत त्यांच्यात आणि इतरांत म्हणावा तसा फरक पडला नाही. मग पिणाऱ्याला पिण्यासाठी चार भिंती बांधून देण्याचा खर्च नगरपरिषदेने कोणत्या तोंडाने करावा? शहरी बेघरांसाठीच्या केंद्राच्या योजनेतील निकष लाख लोकसंख्येमागे एक निवारा, माणशी किमान 50 चौरस फूट जागा असा होता. आपल्या शहराची 2011 ची लोकसंख्या शहात्तर हजारांच्या घरात, म्हणजे त्या त्रैराशिकाने आपल्या वाट्याला पाऊण निवारा येतो. आधी तो तरी धड चालवावा, खोल्यांचे नंतर बघू.

निवृत्त सिस्टर

मी एका मनोरुग्णालयात नोकरी केली, म्हणून दारूबद्दल न बोलता दुसऱ्या बाजूने लिहिते. रस्त्यावरून आलेला रुग्ण औषधाने सावरतो, नाव-गाव सांगू लागतो, वॉर्डात चादरींच्या घड्या घालू लागतो. डॉक्टर घरी सोडण्याचा शेरा लिहितात आणि घरी पाठवलेले पत्र 'पत्त्यावर राहत नाही' असा शिक्का घेऊन परत येते. असे बरे झालेले लोक आम्ही वर्षानुवर्षे सांभाळले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने समाजात राहण्याचा हक्क दिला, कुटुंब नसेल तर सरकारने आधारगृहांची सोय करावी असेही म्हटले. पण हक्काला पत्ता लागतो.

चेन्नईच्या बन्यन संस्थेने 2015 पासून अशा व्यक्तींना चार-पाच जणांच्या गटाने साध्या भाड्याच्या घरांत, सामान्य वस्तीत ठेवण्यास सुरुवात केली. पुढे ते काम केरळात आणि महाराष्ट्रातही आले. या घरांत स्वयंपाक कोणता करायचा हे राहणारेच ठरवतात आणि मदतनीस येऊन-जाऊन असते. आपल्या कोकणात कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था रस्त्यावरील मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवते, पणदूरचा संविता आश्रम निराधारांना सांभाळतो. ही कामे फार मोलाची आहेत. तरीही ज्याला परत जायला घर नाही आणि आश्रमात आयुष्य काढण्याइतका जो आजारी नाही, असा मधला माणूस कोठेच बसत नाही.

उंबरठा

मी या प्रस्तावाच्या विरोधात आहे आणि माझे कारण पैशाचे नाही. माझ्या वडिलांना घर होते. ओटी होती, पडवी होती, आईने घासलेले ताट होते. घर होते म्हणून त्यांची दारू वीस वर्षे निर्धास्त चालली, आणि ज्या रात्री आईने आतून कडी घातली त्यानंतरच ते उपचाराला तयार झाले. सगळ्यांचे असेच होते असा माझा दावा नाही. पण अट काढून टाकली की जी एकमेव गोष्ट कधी कधी लागू पडते तीही आपण काढून टाकतो, आणि अशा खोलीच्या भिंतीपलीकडे जी बाई मुलांना घेऊन राहत असेल तिचा अपाय कमी करण्याचे धोरण कोणते, हे धाग्यात कोठेही आलेले नाही.

मांडवीकाठ

उंबरठा, तुमच्या आईच्या कडीला माझा नमस्कार. त्यांच्या कडीबाहेर पडलेल्या माणसाला मागे परतण्याजोगे एक दार होते आणि तुम्ही सगळे होता. फळीवरच्या माणसाला कडी लावणारेच कोणी नाही, एवढाच फरक मला दिसतो. शेजाऱ्यांचा मुद्दा मात्र माझ्याकडून निसटला होता. मारहाण, दंगा, आवारात विक्री यांवर भाडेकराराप्रमाणे कारवाई व्हावी, खोलीही बदलावी लागेल. घरात प्यायल्याबद्दल मात्र नाही. ते तुमच्या-माझ्या शेजारीही होते आणि आपण कोणाला घराबाहेर काढत नाही.

सडेकर, कॅनडाचा निष्कर्ष मला मान्य आहे. घर हे दारूवरचे औषध नव्हे, तसे मी म्हटलेलेही नाही. गोळ्या कोरड्या राहाव्यात एवढेच त्याच्याकडून अपेक्षित आहे. फुकट काहीच नसते, हे तर खरेच, पण आज होणारा खर्चही बघा. 1959 चा भीक मागण्याविरुद्धचा कायदा दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये तेथे बव्हंशी रद्द ठरवला, आपल्याकडे तो अजून आहे, आणि त्याखाली माणसाला पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे डांबता येते. तेव्हा जेवण, पहारेकरी आणि इमारत यांचा खर्च सरकारच करते.

घरांचा साठा नाही म्हणता, तर आपल्या वाड्यांतून गणपती आणि शिमगा सोडून वर्षभर कुलूप असलेली घरे मोजा. वाळवी खाते आहे, नळे सरकले आहेत. नगरपरिषदेच्या हद्दीतली अशी पाच घरे भाड्याने मिळाली, तरी सुरुवात होते.

सडेकर

त्यातले एक घर माझे आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. घरपट्टी मी भरतो, वैशाखात कौले परतून घेतो, आणि तरीही ते देणार नाही. कोकणात 'कूळ लागेल', म्हणजे राहणारा पुढे हक्क सांगेल, ही भीती काय असते ते आपणास ठाऊक आहे. तीन भावांची नावे असलेल्या घरात कोणालाही ठेवायचे म्हटले, तर मुंबईहून दोन फोन त्याच रात्री येतील. नगरपरिषदेने स्वतः अकरा महिन्यांचा करार केला, दुरुस्ती अंगावर घेतली आणि घर रिकामे करून देण्याची हमी दिली, तर भावांना विचारीन. विचारीन म्हणतो, देईन म्हणत नाही.

उंबरठा

करार नगरपरिषदेच्या नावाने आणि किल्ली त्या माणसाकडे, असे ठरले तर रात्री दोन वाजता शेजारणीने फोन कोणाला करायचा? तो क्रमांक करारात लिहिला जाणार आहे का, आणि तो उचलणाऱ्याचा पगार कोण देणार आहे?