सल्ला हवा: सातारा, सरकारी नोकरी, रोजची मोटारसायकल आणि जावळीचा पाऊस. कपडे कसे शिवावेत?

मेढा_सातारा
धाकटा भाऊ जूनमध्ये साताऱ्यात एका सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून रुजू होतोय. जावळी तालुक्यातल्या मेढ्याहून रोज मोटारसायकलने येणे-जाणे. वहिनी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरला लागल्यात, त्यांची स्कूटर आहे. दोघांचेही कपडे आता करायचे आहेत. जीन्स चालते की नाही यावरून घरात दोन तट पडलेत. कापड घेऊन शिवावे की तयार घ्यावे, किती जोड लागतील आणि आमच्या बाजूच्या पावसात काय टिकेल, ते नेमके सांगा.

टिपणी_मसुदा
आधी नियम. राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाचे परिपत्रक ८ डिसेंबर २०२० चे आहे. पुरुषांना शर्ट आणि पँट. महिलांना साडी, सलवार किंवा चुडीदार-कुर्ता, नाहीतर ट्राउझर पँटवर कुर्ता वा शर्ट, आवश्यक तेथे दुपट्टा. गडद रंगाची चित्रविचित्र नक्षी नको, टी-शर्ट नको, पायात स्लीपर नको. आठवड्यातून किमान एकदा, शुक्रवारी, खादी. त्या परिपत्रकात जीन्सही नको म्हटले होते. मार्च २०२१ मध्ये जीन्सवरची बंदी उठली, टी-शर्टवरची तशीच राहिली. म्हणजे घरातले दोन्ही तट आपापल्या वर्षापुरते बरोबर आहेत.

तरीही पहिले दोन-तीन महिने भावाने साधी पँटच घालावी. नियमात बसणे वेगळे आणि नव्या माणसाकडे साहेब कसे बघतात ते वेगळे. ओळखपत्र खिशात न ठेवता दिसेल असे लावावे. दाखल्यासाठी आलेल्या माणसाला कोणाशी बोलायचे ते त्यावरूनच कळते, आणि माझ्या मते कपड्यांपेक्षा ते जास्त महत्त्वाचे.

माया_दीड_इंच
पाच शर्ट, तीन पँट. यापेक्षा कमीत पावसाळा निघत नाही. आठवडाभर ऊन नसले की धुतलेला सुती शर्ट दोन दिवस दोरीवर राहतो.

शिवूनच घ्या. तयार पँटच्या आत उसवायला कापडच नसते. खुर्चीची नोकरी लागली की वर्षभरात कंबर वाढते आणि मग ती पँट वाया जाते. शिंप्याला आधीच सांगा, मागच्या मधल्या शिवणीत दीड इंच माया (आत दडवलेले जास्तीचे कापड) ठेव आणि पायाला दोन इंच पट्टी मुडप. बैठकीची शिवण दुहेरी मारून घ्या. मोटारसायकलवर टांग टाकताना सगळा ताण तिथेच येतो, आणि एकेरी शिवण नेमकी कार्यालयाच्या दारात उसवते.

कापडाचा हिशेब असा. ५८ इंची पन्ह्यात (पन्हा म्हणजे कापडाची रुंदी) पूर्ण बाहीच्या शर्टाला १.६० मीटर, पँटला १.२० मीटर. उंची सहा फुटांच्या आसपास असेल तर दोन्हीकडे १० ते १५ सेंटिमीटर वाढवा. ३६ इंची पन्हा असेल तर एका शर्टाला सव्वादोन ते अडीच मीटर लागते. दुकानात भाव ऐकण्याआधी पन्हा विचारा. मीटरला स्वस्त वाटलेले कमी पन्ह्याचे कापड पुष्कळदा महाग पडते.

पँटला पॉलिएस्टर-व्हिस्कोस घ्या. चुरगळत नाही, रात्री धुतले की पंख्याखाली सकाळपर्यंत वाळते. फार पॉलिएस्टरवाले स्वस्त कापड मात्र गाडीच्या सीटवर घासून बैठकीला चकाकते, आणि ती चकाकी इस्त्रीने जात नाही, उलट वाढते. म्हणून अशी पँट उलटी करून किंवा वर ओले फडके ठेवूनच इस्त्री करा. शर्टाला पावसाळ्यात टेरिकॉट, मार्च ते मे शुद्ध सुती. सुती कापड कापण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवायचे. हे न करता शिवले की दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात बाही आखडते. शिंपी "मी भिजवतो" म्हणाला तरी घरीच भिजवून द्या.

माप देताना कार्यालयात वापरायचे बूट घालून जा. कंबरेचे माप उभ्याने झाले की बसूनही घ्यायला सांगा, बहुतेकांना इंचभराचा फरक पडतो. बाही नेहमीपेक्षा अर्धा-पाऊण इंच लांब हवी. हँडल धरायला हात पुढे गेले की मनगट उघडे पडते आणि काखेत ओढ बसते. पाठीवर दोन चुण्या टाकल्या की ती ओढ सुटते. शर्ट खोचायचा असेल तर कंबरेखाली सहा-सात इंच यायला हवा, नाहीतर पोवई नाक्यापर्यंत पोचेतो मागून बाहेर आलेला असतो.

कॉलरच्या बकरमकडे, म्हणजे आतल्या कडक कापडाकडे, लक्ष द्या. चिकटवायचे बकरम हलक्या प्रतीचे असेल तर गरम पाण्यात त्याचा गोंद सुटतो आणि कॉलरला फुगे येतात. ते पुन्हा बसत नाहीत, कॉलरच बदलावी लागते.

बोगदा_पलीकडे
शिवणे ठीक, पण मे महिना लग्नसराईचा. शिंपी वीस-वीस दिवस लावतात. दोन शर्ट तयार घेऊन ठेवावेत.

माया_दीड_इंच
मान्य. शर्ट तयार चालतील, फक्त खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच येते का ते बघा. बाही, लांबी, कंबर दुरुस्त होते, खांदा होत नाही. पँटची घाई मात्र आजच करा. खणआळी, मोती चौकाकडून कापड घेतले की त्याच दिवशी टाका. आधी एकच पँट शिवून घ्या, ती घालून गाडीवर बसून बघा, मग बाकीच्या दोन कापायला सांगा.

रानजाई
वहिनींसाठी लिहिते. स्कूटरवर कुर्ता आणि ट्राउझर सगळ्यात सुरक्षित. ४४ इंची पन्ह्यात गुडघ्याखालच्या, बाहीच्या कुर्त्याला अडीच मीटर पुरते. बाजूच्या शिवणीत खिसा सांगून घ्या, शिंपी आपणहून ठेवत नाहीत. फिकट रंगाला अस्तर लावा, ते अस्तरही भिजवून मगच. न भिजवलेले अस्तर आत आखडते आणि वरचे कापड फुगते. साडीच्या फॉलचेही तेच. साडीला काठाशी चुण्या पडतात त्या बहुतेक वेळा फॉल आटल्यामुळे.

ओढणी घेतलीच तर दोन्ही खांद्यांवर पिन लावून टोके जॅकेटच्या आत. गळ्याभोवती एक वेढा घेऊन मोकळी सोडलेली ओढणी चाकात गेली तर सोडवायला वेळच मिळत नाही. भावाच्या मोटारसायकलवर मागे बसायचे असेल तर साडी गार्ड काढलेले नाही ना, ते बघा. मोटार वाहन नियमांतल्या १२३ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे मागचे चाक निम्म्याहून कमी झाकलेले चालत नाही. गाडी सुटसुटीत दिसावी म्हणून पोरे ते गार्ड काढून टाकतात, ते आधी परत बसवा.

कुपवाड_शिफ्ट
स्टोअर म्हणजे दिवसातून दहा वेळा शॉपमध्ये, म्हणजे यंत्रे चालतात त्या भागात, जाणे, तेव्हा वहिनींना नुसता कार्यालयीन पेहराव पुरणार नाही. लेथ, ड्रिल, ग्राइंडर चालू असेल तिथे ओढणी, सैल बाही, बांगड्या, अंगठी, गळ्यातली दोरीवाली ओळखपत्रे, सगळे बाहेर. ओळखपत्र क्लिपचे घ्या. केस बांधून टोपीखाली. हातमोजे फिरत्या ड्रिलजवळ नकोतच. हात वाचवतील असे वाटते, प्रत्यक्षात मोजा अडकला की हात ओढला जातो.

वेल्डिंगच्या बाजूने जाणे असेल तर ड्रिल नावाच्या जाड सुती कापडाचा कोट घाला. ठिणगी पडली तर सुताला भोक पडते, पॉलिएस्टर मात्र वितळून कातडीला चिकटते. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २२ मध्ये चालू यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्याला अंगाबरोबरचे कपडे कारखान्यानेच पुरवायचे होते; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. स्टोअरवाल्यांना ते कलम थेट लागत नव्हते, पण कोट मागायला संकोच करू नका. सेफ्टी शूजवर आयएस १५२९८ हा भारतीय मानकाचा क्रमांक पाहून घ्या. त्यातला पुढचा कडक टोपा २०० जूलचा आघात झेलण्यासाठी असतो. जाड मोजे घालूनच माप बघा, बोटे टोप्याला टेकली तर मोठा नंबर घ्या.

मेढा_सातारा
खूप मदत झाली. दोन शंका. शुक्रवारच्या खादीला पावसात कसे सांभाळायचे? आणि भावाला कोल्हापुरी चप्पल घालायची आहे, चालेल का?

माया_दीड_इंच
खादीचे दोन शर्ट पुरे. हातमागाचे कापड धुण्यात आटते, म्हणून एकदा नव्हे, दोनदा भिजवा आणि कॉलरला अर्धा इंच सैल ठेवा. पहिली दोन-तीन धुणी वेगळी, गार पाण्यात. पावसाळ्यात खळ अजिबात करू नका. दमट कपाटात खळीवर बुरशी धरते, काळे ठिपके पडले की जात नाहीत. दिवाळीनंतर हवी तेवढी कडक खळ करा.

चामडे_आणि_दोरा
कोल्हापुरी आपलीच आहे. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार आहेत. पण परिपत्रकात पुरुषांसाठी बूट किंवा सँडल लिहिलेत, तेव्हा आधी कार्यालयात विचारा. परवानगी मिळाली तरी जून ते सप्टेंबर ती घरीच. झाडांच्या साली, हिरडा यांनी कमावलेले चामडे पाणी पिते, फुगते, आणि तळाचे थर सुटायला लागतात. एकदा चिंब झाली की वाळल्यावर वाकडी होते.

येता-जाता रबरी बूट किंवा गमबूट, कार्यालयात टेबलाच्या खणात कोरडे बूट आणि मोज्यांचा एक जोड. रेनकोट पँटसकट दोन तुकड्यांचा घ्या आणि रेनपँट बुटाच्या बाहेर ठेवा. आत खोचली की सगळे पाणी बुटात उतरते.

चामड्याचे बूट भिजलेच तर आतला तळ काढून वर्तमानपत्राचे बोळे भरा, दर दोन-तीन तासांनी बदला. चुलीपाशी किंवा कडक उन्हात ठेवू नका, चामडे तडकते आणि तळाचा गोंद सुटतो. पंख्याखाली दीड-दोन दिवस लागतात, म्हणून दुसरा जोड हवाच.

मेढा_सातारा
पँटचे कापड उद्याच घेतो. एकच शिवून गाडीवर बसून बघणार, मग बाकीच्या दोन.